मशीनच्या पोटातला हिरवा दोरा

२ फेब्रुवारी

प्रिय मामा,

पाकीट बघून दचकू नकोस, सगळे ठणठणीत आहेत. फोनच करणार होते. पण मागच्या वेळी मी "तब्येत कशी आहे" असं ओरडून विचारलं आणि तू "हो, आली होती, बसून गेली" म्हणालास. कोण आली होती ते मला अजून कळलेलं नाही. मोबाइलवर लिहिलेलं तू वाचत नाहीस, कारण ती अक्षरं म्हणे मुंग्यांसारखी पळतात. म्हणून कागद-पेन घेऊन बसले आहे. मला लहानपणी टकळी म्हणायचास ना, मग आता भोग.

लॉन्ड्री बरी चाललीय. लोक कपडे मशीनमध्ये टाकतात आणि बाकावर बसून काचेतून आपलेच पायजमे गरगर फिरताना बघतात. इस्त्रीचे कपडे मी सुतळीने बांधून देते. धुलाईपेक्षा माझ्या गठ्ठ्यांचंच कौतुक जास्त. गठ्ठा वाटेत सुटत नाही आणि घरी गेल्यावर एका हाताने सुटतो, दुसऱ्या कडेवर मूल असलं तरी.

आता मुद्द्याचं. माझ्या शेजारचं व्हिडिओ गेमचं पार्लर बंद होतंय. पोरं आता घरीच फोनवर खेळतात, इथे फक्त पंख्याखाली बसायला येतात, असं मालक म्हणतो. चालू मशीनं त्याने विकली. एक बंद पडलेलं, सगळ्यात जुनं, कोपऱ्यात उभं आहे. उंचीला माझ्याएवढं. कडेला अवकाशयान रंगवलंय, रंग उडून ते आता कढईसारखं दिसतं. दांड्यावरचा लाल गोळा इतक्या तळहातांनी घासलाय की हातात धरल्यावर सोडवत नाही.

बंद म्हणजे कसं, तर आवाज येतो, चित्र येत नाही. मी नाणं टाकलं, आत वाजंत्री वाजली. दांडा हलवला, बटण दाबलं, धडामधूम झालं. काळ्याकुट्ट पडद्यासमोर उभी राहून मी बराच वेळ कोणाला तरी मारत होते, मग कोणीतरी मला मारलं. म्हटलं, ह्याचं नुसतं ऐकू येतं आणि माझ्या मामाला नुसतं दिसतं, जोडी जमेल दोघांची. मालक सांगतो, पूर्वी डावीकडे एक लाथ घातली की चित्र यायचं. पुढे दोन घालाव्या लागायच्या. शेवटी त्याचाच पाय दुखायला लागला.

मला वाटतं ते माझ्या दुकानात ठेवावं, बाकावरच्या लोकांचा वेळ जाईल. महिनाअखेर मालकाला गाळा रिकामा करून द्यायचाय. तोपर्यंत मी घेतलं तर घेतलं, नाहीतर भंगारवाला येणार आणि जागेवरच फोडून नेणार. लाकूड वेगळं, तांबं वेगळं. किमतीचं म्हणशील तर भंगारवाला देईल त्याहून थोडं जास्त दे म्हणतो, तो प्रश्नच नाही. प्रश्न हा की ते दुरुस्त होईल का, आणि करणार कोण.

तू जन्मभर हीच मशीनं दुरुस्त केलीस. मामी गेल्यापासून तुझी हत्यारांची पेटी पलंगाखाली आहे असं आई सांगते. असू दे. पेटीबद्दल मी काही म्हणत नाहीये. फक्त एवढं सांग: घेऊ की नको?

तुझी
टकळी


९ फेब्रुवारी

टकळे,

आली होती ती समोरची बाई. मुलाच्या लग्नाचं सांगायला आली, बसून गेली. तब्येतीचं विचारत होतीस होय? बरी आहे.

घेऊ की नको हे असं कोणी पत्रातून सांगतं का? डॉक्टरला पोटाचं वर्णन लिहून पाठवल्यासारखं आहे. तरी तू लिहिलंस बरं. आवाज येतो म्हणजे आतली पाटी, जिच्यावर सगळा खेळ असतो, ती जिवंत आहे. ही मोठी गोष्ट आहे. पाटी मेलेली असती तर मी एका ओळीत नको म्हणून मोकळा झालो असतो.

आता पडद्याची नळी बघायची. नीट वाच, आणि वाचल्याशिवाय काही करू नकोस. मागची फळी दोन स्क्रूंवर असते, ती काढ. आत पडद्यामागे काचेची मोठी नळी दिसेल, मागे निमुळती होत गेलेली, दुधीभोपळ्यासारखी. मशीन चालू कर, दिवे घालव, आणि त्या निमुळत्या टोकाकडे बघ. आत नारिंगी ठिणगीएवढा उजेड दिसला तर नळी शाबूत. दिसला नाही तर नळी गेली, आणि तसली नळी आता कोणी बनवत नाही. मग मशीनला रामराम.

फक्त बघायचं. दोन्ही हात खिशात. खिसा नसेल तर पाठीमागे बांध. प्लग काढला तरी त्या नळीत वीज दबा धरून बसते. मी एकदा नवशिका असताना तिला हात लावला होता आणि समोरच्या भिंतीवर जाऊन बसलो होतो. तिथल्या मालकाला वाटलं मी नवीन खेळ दाखवतोय.

डावीकडे लाथ मारल्यावर चित्र येतं असं तो म्हणतो, त्याला माझ्याकडून एक लाथ घाल. मशीनला लाथ घालणाऱ्या माणसाने मशीन ठेवूच नये. पण डावीकडेच का, आणि पूर्वी का चालायचं, हे मला विचार करण्यासारखं वाटतं. काल जेवताना तोच विचार करत होतो, भात गार झाला.

आत अजून काय काय दिसतं ते सगळं लिही. तारा कशा आहेत, कुठे कुरतडल्यात का, गंज कुठे. मी फक्त विचारतोय. येणार वगैरे नाहीये.

मामा


१४ फेब्रुवारी

प्रिय मामा,

उजेड आहे! नारिंगी, अगदी एवढासा, पण आहे. मी पार्लरचे दिवे घालवले, मालक म्हणाला बिल माझंच येतंय, घालव. दोघंही वाकून बघत होतो. हात माझे खिशात होते, शपथ. त्याचे मात्र नव्हते, म्हणून मी त्याला तुझ्या भिंतीची गोष्ट सांगितली, तो दोन पावलं मागे सरला. तुझी लाथ त्याला पोचवलेली नाही, माणूस चांगला आहे.

आता आत काय आहे ते ऐक. तळाशी बोटभर धूळ. तिच्यात हरवलेली नाणी, एक केसांची पिन, आणि कोणाच्या तरी खिशातून पडलेलं बसचं तिकीट. उंदीर नाहीत. एका कोपऱ्यात गंज आहे पण वरवरचा.

आणि तारा. मामा, तारा बघून मी खालीच बसले. रंगीबेरंगी तारांची जाड जुडी पाटीपासून निघून डाव्या बाजूने पडद्याकडे जाते, आणि ती जुडी हिरव्या दोऱ्याने बांधलीय. प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी नाही, चिकटपट्टीनेही नाही. शिवणाच्या दोऱ्याने. दर दोन बोटांवर एक वेढा, एक गाठ, सगळ्या गाठी एका रांगेत, एकाच बाजूला. शाळेत मुली ओळीत उभ्या करतात तशा. मालकाला विचारलं, तर तो म्हणाला त्याने मशीन जुनंच घेतलं होतं, आधी कुठल्या गावी होतं त्याला ठाऊक नाही.

पण मला ठाऊक आहे. तो दोरा मी ओळखते. तुमच्या घरचे पडदे त्याच दोऱ्याने शिवलेले होते, आणि माझ्या शाळेच्या पिशवीचा बंदसुद्धा, पिशवी निळी असून. मी मामीला विचारलं होतं हिरवाच का, तर म्हणाली, "आहे म्हणून."

हे मशीन तुझ्या हातून गेलंय ना? मला इतका आनंद झालाय की मी आज दोन गिऱ्हाइकांचे कपडे एकमेकांना दिले. पाटी जिवंत, नळी जिवंत, आणि काम तुमच्या घरचं. आता फक्त "घे" असं लिही, दुसरं काही लिहू नकोस.

तुझी
टकळी


२० फेब्रुवारी

टकळे,

घेऊ नकोस. नळी गेलेली आहे. उजेड दिसला तरी त्याचा भरवसा नसतो. भंगारवाल्याला देऊन टाकायला सांग.

बाकावरच्या लोकांसाठी मासिकं ठेव.

मला बरं आहे. पुन्हा ह्या विषयावर लिहू नये.

मामा


२३ फेब्रुवारी

मामा,

विषयावर लिहू नये म्हणालास, म्हणून लगेच लिहायला बसले.

तुझी दोन्ही पत्रं समोर ठेवली आहेत. पहिल्यात लिहिलंस, उजेड दिसला तर नळी शाबूत. दुसऱ्यात लिहिलंस, उजेड दिसला तरी भरवसा नाही. ह्यातला कुठला मामा खरा? खोटं बोलायचं तर आधी काय लिहिलं ते तरी आठवावं माणसाने. तुला खोटं बोलायची सवयच नाही, लगेच उघडं पडतं.

पत्र आईला दाखवलं. ती म्हणाली, "त्याला त्याच्या जागी राहू दे, उगाच ओढाताण करू नकोस." मी तिच्यावरही चिडले. मग विचार केला, तू का चिडला असशील? मला वाटतं तुला कळलं. बाकावरच्या लोकांसाठी मशीन हवंय हे मी तुला गोड बोलून सांगत होते. लोकांना मशीन नकोच आहे, त्यांना त्यांचे पायजमे बघायला आवडतात. मला तू हवा आहेस. तू यावंस, माझ्या दुकानात मशीन उघडून बसावंस, धूळ उडवावीस, माझ्यावर खेकसावंस, म्हणून मी हा घाट घातला. तू ते ओळखलंस आणि तुला वाटलं, पोरगी माझी कीव करतेय. असंच ना?

मग ऐक. कीव नाही करत. मला करमत नाही. मामी गेल्यापासून सगळेजण तुझ्याबद्दल बोलतात, त्याला सांभाळा, त्याला ऐकू येत नाही, तो एकटा पडला. माझं कोणी विचारलं नाही, कारण मी नुसती भाची. माझी प्रत्येक सुट्टी तिच्या पायाशी बसून गेलीय. त्या दिवशी ती हिरवी रांग बघितली आणि मला वाटलं ती आत्ताच उठून आत पाणी प्यायला गेलीय. हे मी सांगायचं कोणाला? तुलाच ना? आणि तू लिहितोस, मासिकं ठेव.

मालक दर दोन दिवसांनी विचारतो, काय ठरलं. भंगारवाला परवा येऊन माप घेऊन गेला. त्याने पडद्यावर टिचकी मारून बघितली, मला ती सहन झाली नाही. शेवटच्या तारखेला तो पहार घेऊन येईल.

नको म्हणायचं तर म्हण. पण खरं कारण लिहून म्हण. मग मी पुन्हा विचारणार नाही.

टकळी


२५ फेब्रुवारी

टकळे,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू नुसती भाची, असं कोणी म्हटलं? पुन्हा असं लिहिलंस तर कान उपटीन. माझे काही कामाचे नाहीत, पण तुझे आहेत.

कीव वगैरे माझ्या डोक्यातही नव्हतं. तू उगाच स्वतःला बोल लावून घेतलास. कारण वेगळं आहे, आणि ते मी कोणालाच सांगितलेलं नाही. तुझ्या आईलाही नाही.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत तुझी मामी माझ्याबरोबर कामावर यायला लागली. आधी डबा द्यायला म्हणून आली. मी कुठल्याशा पार्लरमध्ये मशीनच्या मागे डोकं घालून तारांशी झटत होतो. तारा हातातून सुटत होत्या, मी शिव्या देत होतो. ती म्हणाली, "सरका जरा." मग पर्समधून रीळ काढून तिने ती जुडी बांधून टाकली, मी डबा उघडेपर्यंत. हिरवा दोरा कारण तिच्याकडे हिरवाच होता. कोणीतरी हॉटेलच्या पडद्यांचं काम तिला देतो म्हणाला होता, हिने खोकंभर हिरवी रिळं आणून ठेवली आणि काम आलंच नाही. ती रिळं आम्हाला जन्मभर पुरली.

त्यानंतर ती नेहमी यायची. तारा डाग देऊन जोडायच्या, तपासायच्या त्या मी. बांधायचं ते ती. आणि पुन्हा ते मशीन बिघडलं, जुडी उघडायची वेळ आली, की मी म्हणायचो "अगं", ती यायची, "सरका", आणि मी टॉर्च नीट धरेपर्यंत गाठी सुटलेल्या असायच्या. मी कधी तिच्या हातांकडे बघितलंच नाही. मी तारांकडे बघायचो. बिघाड कुठाय ते शोधायचो. ती आहेच म्हटल्यावर गाठीकडे कोण बघतो?

ती गेल्यावरही मी कामाला गेलो होतो. हे तुम्हाला कोणाला माहीत नाही. एका ओळखीच्या पार्लरवाल्याने बोलावलं. मागची फळी काढली, आत हिरवा दोरा. आवाज येतो, चित्र नाही, म्हणजे बिघाड जुडीच्या आत. एक तार आतल्या आत तुटलेली. गाठी सोडायला गेलो, सुटेनात. नखाने बघितलं, सुईने बघितलं. टोक धरून ओढलं तर आणखी आवळली. पक्क्या निरगाठी. तेव्हा कळलं, त्या उघडायची रीत तिच्याबरोबर गेली. पेटीतून कात्री काढली, दोऱ्याला लावली. आणि टकळे, मला ते जमलं नाही. तिच्या हाताचं माझ्याजवळ दुसरं आहे काय? साड्या तुझ्या आईने वाटल्या. पडदे विटले. कुठल्या कुठल्या गावात, कुठल्या कुठल्या मशीनच्या पोटात ह्या गाठी तेवढ्या आहेत, आणि कापायचा मी?

फळी लावली. मालकाला सांगितलं, नळी गेली. तेच तुलाही सांगितलं, बघ, खोटं बोलायला मला दुसरं काही सुचतच नाही. घरी येऊन पेटी पलंगाखाली सरकवली. लोक म्हणाले, ऐकू येईनासं झालं म्हणून काम सोडलं. म्हणू दिलं. ऐकायला काय लागतं ह्या कामाला?

तुझ्या मशीनचं दुखणं तेच आहे. डावीकडे लाथ मारली की तुटलेली तार क्षणभर टेकायची, म्हणून चित्र यायचं. जुडी उघडली तर बसल्या बैठकीत दुरुस्त होईल. पण उघडायची म्हणजे कापायची. म्हणून नको म्हणालो. भंगारवाल्याने फोडलं तर निदान माझ्या डोळ्यांसमोर नाही, आणि माझ्या हाताने नाही.

हे खरं कारण. आता तू ठरव. घेतलंस तर तुझ्या दुकानात ठेव, बंदच ठेव. मला उघडायला बोलावू नकोस.

मामा


२ मार्च

प्रिय मामा,

मशीन घेतलं.

तुझं पत्र शेवटच्या तारखेला सकाळी आलं. मी ते गल्ल्यावर उभ्यानेच वाचलं, आणि गिऱ्हाईक समोर असून रडले. त्या बिचारीला वाटलं तिच्या साडीचं काही झालं. मग तशीच शेजारी गेले. भंगारवाला पहार टेकून उभाच होता. मी मालकाला म्हटलं, द्या, आणि त्याला म्हटलं, पहार बाजूला ठेव आणि उचलायला हात लाव. त्याने मुकाट्याने लावला. आता ते बाक आणि कपडे वाळवायच्या मशीनच्या मधे उभं आहे. कढईवरची धूळ पुसली.

त्यानंतर दोन दिवस मी प्लग काढून ठेवला आणि त्याला हात लावला नाही, तू म्हणतोस ती वीज निघून जाऊ दे म्हणून. आज दुपारी दुकान रिकामं होतं. फळी काढली, नळीपासून सगळ्यात लांबच्या, खाली पाटीजवळच्या गाठीपाशी जाऊन बसले, टॉर्च दातात धरून. मागच्या वेळी हात खिशात होते, नुसतं लांबून बघितलं होतं. ह्या वेळी बोट लावून बघितलं.

मामा, ती निरगाठ नाही. सुरगाठ आहे.

दोऱ्याला दोन टोकं आहेत. एक लांब, वर दिसणारं. तू तेच धरून ओढलंस, आणि ते ओढलं की गाठ आवळतेच. दुसरं टोक आखूड आहे, ते तिने वेढ्याखालून मागे नेऊन तारांमध्ये खोचून ठेवलंय. दिसतच नाही. बोटाने चाचपलं की लागतं. मी ते बाहेर काढलं आणि आपल्याकडे ओढलं. काही जोर नाही, काही नाही. गाठ अशी उघडली की मी टॉर्च दातातून पाडला.

मला का सापडलं ठाऊक आहे? कारण मी दिवसभर तीच गाठ मारते. माझे ते गठ्ठे, वाटेत सुटत नाहीत आणि एका हाताने सुटतात म्हणून लिहिलं होतं, ते हेच. सुट्टीत तुमच्याकडे यायचे तेव्हा तिने मला उशांच्या अभ्र्यांच्या नाड्या बांधायला बसवलं होतं. मी घट्ट निरगाठी मारायचे, ती डोक्यात टपली मारायची. म्हणायची, "उद्या सोडायला कोण बसणार आहे, तू? ज्याला सोडायचीय त्याचा विचार करून बांध." लांब टोक दाखवायचं, आखूड टोक लपवायचं, हे तिनेच शिकवलं. इतकी वर्षं मी ते सुतळीने करतेय, पण एवढ्याशा दोऱ्यात ते असेल असं बघेपर्यंत डोक्यात आलं नाही.

तिने कापायला लागेल अशी एकही गाठ मारलेली नाही, मामा. सगळ्या तुला सोडता याव्यात म्हणूनच मारल्यात. तू फक्त चुकीचं टोक धरलंस.

मी एकच सोडली. तो दोरा ह्या पाकिटात घातलाय. वेढ्यांचे बाक अजून त्यात आहेत, ताणू नकोस. बाकीच्या गाठी जशाच्या तशा आहेत, त्यांना मी हात लावणार नाही. मला सोडता येतात, पण त्याच्यापुढे काय करायचं ते येत नाही.

बोलावू नकोस म्हणालास, म्हणून बोलावत नाही. मशीनच्या मागे एक खुर्ची ठेवलीय, एवढंच कळवते.

तुझी
टकळी


८ मार्च

टकळे,

दोरा मिळाला.

पहिला दिवस नुसता टेबलावर ठेवला होता. दुसऱ्या दिवशी पलंगाखालची पेटी ओढली आणि तिच्या मुठीला तो बांधून बघितला, तू लिहिलंस तसं, लांब टोक वर, आखूड खाली. पहिल्यांदा जमलं नाही. मग जमलं. मागून बोट घालून आखूड टोक ओढलं, सुटला. पुन्हा बांधला, पुन्हा सोडला. समोरची बाई पत्रिका द्यायला आली तेव्हा मी हेच करत होतो आणि रडत होतो. तिने पत्रिका ठेवली आणि न बसताच गेली. आता चाळीत, म्हातारा कामातून गेला, अशी बातमी असेल.

इतकी वर्षं टॉर्च मी धरत होतो. उजेड सगळा तिच्या बोटांवर पडत होता. एकदा जरी बघितलं असतं तरी चाललं असतं.

गुरुवारच्या बसने येतोय. स्टँडवर येऊन हाका मारू नकोस, फुकट जातील. दुकान मी शोधून काढीन. प्लग काढलेलाच असू दे. मालक आसपास असेल तर त्याला लाथा घालू देऊ नकोस.

आणि हे नीट वाच. राहिलेल्या गाठी मी सोडणार, एकेक करून. तू फक्त टॉर्च धरायचा, आणि मी काय करतो ते बघायचं, माझ्यासारखं दुसरीकडे नाही. तार जोडून झाली, चित्र आलं, की मग तू बांधायच्या आणि मी बघणार.

तिचं एक अख्खं रीळ शिल्लक आहे. ते संपू नये म्हणून मी आजवर कपाटातून काढलंच नव्हतं. ते घेऊन येतो. वापरून टाकू.

तुझा
मामा